नीलूला जे आठवत होतं

नीलूच्या जिभेखाली रोज सकाळी दोन थेंब टाकायचं काम सुमेधचं होतं. तिब्लिसीत असोत, हनोईत असोत, की केनियातल्या एखाद्या तंबूत, तोंड धुऊन झालं की बापलेक समोरासमोर मांडी घालून बसायचे. "आऽ करा, शेठ," सुमेध म्हणायचा. साडेतीन वर्षांचा नीलू पाखराच्या पिल्लासारखा तोंड उघडायचा. थेंब कडू होते. नीलू तोंड वाकडं करायचा, आणि सुमेध त्याच्याहून वाकडं. दहा वर्षांची यशोधरा मान हलवून म्हणायची, "पप्पा, तुम्ही दोघं एकदम बावळट दिसता."

गजभिये मंडळी नागपूरहून वर्षभरासाठी निघाली होती. त्या काळात यात नवल राहिलं नव्हतं. शाळांनी 'प्रवासवर्ष' मान्य केलं होतं, आणि बऱ्याच लोकांची कामं कुठूनही होत होती. सुमेध शहरांच्या पाणी वाहून नेणाऱ्या जाळ्यांचे आराखडे करायचा. शलाका मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. दोघांनाही एक टेबल आणि इंटरनेट मिळालं की पुरे होतं.

प्रश्न नीलूचा होता. यशूला सगळं आठवणार होतं. नीलूला मोठेपणी यातलं काहीच आठवणार नव्हतं.

आपल्याला तीन-चार वर्षांच्या आधीचं का आठवत नाही, याचं उत्तर शास्त्रज्ञांना तोवर बरंचसं मिळालं होतं. मेंदूत समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो, हिप्पोकॅम्पस. आठवणी आधी तिथे नोंदल्या जातात. लहान मुलांच्या मेंदूत या भागात नव्या पेशी भराभर तयार होत असतात. प्रत्येक नवी पेशी आपली जोडणी करू बघते आणि त्या गडबडीत जुन्या जोडण्या सुटतात. बांधकाम सुरू असलेल्या घराच्या भिंतीवर खडूने लिहावं आणि दुसऱ्या दिवशी गवंड्याने ती भिंतच सरकवावी, तसं. मूल विसरतं ते मेंदू दुबळा असतो म्हणून नाही, तो वाढत असतो म्हणून.

'स्मरबिंदू' हे औषध त्या गवंड्यांचा वेग कमी करायचं. नव्या पेशी हळू यायच्या, जुन्या जोडण्या टिकायच्या. मूल सात वर्षांचं होईपर्यंत थेंब चालू ठेवायचे. तोवर वाढ आपोआप मंदावते आणि आठवणी कायमच्या बसतात. मध्येच थेंब थांबवले तर साचलेली वाढ जोराने सुरू होणार आणि काही महिन्यांत सगळं पुसलं जाणार. काय ठेवायचं आणि काय नाही, हे औषधाला कळत नव्हतं. ठेवलं तर सगळंच राहायचं. प्रवासाला निघणारी कुटुंबं ते सर्रास वापरत होती.

शलाकाला ते नको होतं. "नाही आठवलं तर नाही आठवलं. आपल्याला आठवेल ना," ती म्हणाली होती.

सुमेध एरवी वाद घालणारा नव्हता. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "माझी आई गेली तेव्हा मी नीलूएवढा होतो. फोटोतला चेहरा माहीत आहे मला. पण तो फोटो आहे, शलाका. तिचा हात कसा होता, ती मला काय म्हणून हाक मारायची, काही म्हणजे काही नाही. मी आहे तोवर माझ्या पोराच्या डोक्यात असं रिकामं नको."

थेंब सुरू झाले.

*

फेब्रुवारीत ते चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावर मासेमारांच्या एका गावात राहत होते. यशूला ताप होता, म्हणून शलाका तिच्यापाशी थांबली. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत तारामासे दिसतात म्हणून सुमेध नीलूला घेऊन गेला. जाताना त्याने दारातून विचारलं, "काही आणू का?" शलाका म्हणाली, "पाव आण."

दुपारी शेवाळ गोळा करणाऱ्या एका बाईला नीलू दिसला. तो एका उंच खडकावर एकटा बसला होता. अंगाभोवती सुमेधचं जाकीट गुंडाळलेलं होतं आणि त्याची चेन गळ्यापर्यंत लावलेली होती. सुमेध दुसऱ्या दिवशी सापडला, खाडीच्या पलीकडे.

तिथल्या पोलिसांनी समजूतदारपणे सांगितलं की या किनाऱ्यावर कधीकधी अचानक मोठी लाट येते, माणसाने मुलाला वर ठेवलं आणि दुसऱ्या लाटेने त्याला नेलं असावं. शलाकाने मान हलवली, सह्या केल्या. दूतावासातल्या बाईंनी आणलेला चहा प्याली. तिला रडू आलं नाही. ते उद्या येईल असं तिला वाटलं. उद्याही आलं नाही. डोक्यात जाड कापूस भरल्यासारखं झालं होतं. बाहेरचे आवाज त्यातून गाळून यायचे, आतून बाहेर काहीच जात नव्हतं.

सकाळी नीलू मांडी घालून बसला आणि त्याने तोंड उघडलं. शलाका थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बाटली शोधली आणि दोन थेंब टाकले.

*

नागपूरला सुमेधचे वडील होते. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले देवाजी गजभिये. मुलं त्यांना आबाजी म्हणत. बायको गेल्यावर त्यांनी एकट्याने सुमेधला वाढवलं होतं. शलाका मुलांना घेऊन त्यांच्याच घरी राहायला आली. आबाजी सकाळी कुकर लावायचे, ती भाजी चिरायची. दोघं एकमेकांकडे फारसे बघत नसत.

एप्रिलच्या एका दुपारी नीलू जेवताना सहज म्हणाला, "हळू खा बे शेठ, ताट काही पळून नाही चाललं."

शलाकाचा हात थांबला. शब्द सुमेधचे होते, पण नुसते शब्दच नाहीत. 'पळून'वरचा हेल त्याचा होता. शेवटी नाकातून सोडलेलं हसू त्याचं होतं.

"हे पप्पा कधी म्हणाले?" तिने विचारलं.

"पिवळ्या खुर्च्या होत्या तिथे. तू नूडल्स सांडले. तुझ्या इथे लाल फूल होतं." त्याने तिच्या खांद्याला बोट लावलं. "पप्पा म्हणाले, तुझी आई चित्रकार आहे ना, टेबलावरसुद्धा काढते."

हनोई. शलाकाला हनोईतली ती जागा अंधूक आठवत होती, वाक्य अजिबात आठवत नव्हतं. ती ऐकत राहिली. कापसाच्या आत कुठेतरी काहीतरी हललं आणि पुन्हा स्थिर झालं.

मग हे रोजचंच झालं. जेवणं झाली की ती नीलूला जवळ घ्यायची आणि विचारायची. बोटीत पप्पा काय म्हणाले? जिराफ दिसला तेव्हा? नीलू सांगायचा. सांगताना त्याची नजर समोरच्या भिंतीच्या आरपार जायची. आबाजीही खुर्ची ओढून बसायचे. ते काही विचारत नसत. डोळे मिटून मुलाचा आवाज ऐकत.

चिलीबद्दल शलाकाने कधीच विचारलं नाही. सुमेध ओरडला का, त्याने मागे वळून पाहिलं का, त्याला कळलं का, हे सगळं नीलूकडे होतं. तिला ते हवंही होतं. पण प्रश्न ओठापर्यंत आला की ती उठून पाणी प्यायची.

यशू या बैठकीत कधी बसली नाही. ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची.

एके सकाळी शलाकाला ती मोरीपाशी दिसली. बाटली उपडी धरून ती थेंब मोरीत सोडत होती.

"यशू! काय करतेस?"

यशू दचकली नाही. बाटली पूर्ण रिकामी होईपर्यंत तिने ती तशीच धरली. "त्याला हे देऊ नको, आई."

"का?"

यशूने मोरीत पाणी सोडलं.

"त्याला पप्पा आठवतात आणि तुला तेवढे आठवत नाहीत, म्हणून? हेवा वाटतो तुला?"

यशूने आईकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "हो. वाटतो."

शलाका तिला रागावलीसुद्धा नाही. रागवायला लागतं ते तिच्याकडे उरलं नव्हतं. तिने नवी बाटली मागवली आणि ती वरच्या फळीवर ठेवली.

*

उन्हाळा तापला तसा आबाजींनी कूलर लावला. पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून ठिबकायला लागल्याबरोबर नीलूने किंकाळी फोडली. तो पलंगावर चढला, तिथून टेबलावर, आणि अंगावरचा शर्ट गळ्याशी गच्च आवळून बसला. कूलर बंद केला तरी त्याला बराच वेळ खाली उतरवता आलं नाही. त्या वर्षी नागपूरच्या उन्हात घरातली सगळी कूलरशिवाय राहिली.

जूनमध्ये तो बालवाडीत जायला लागला. बाईंनी शलाकाला बोलावून घेतलं. "हुशार आहे हो तुमचा," त्या अडखळत म्हणाल्या, "पण रोज विचारतो, हा कुठला देश आहे. मुलांची नावं त्याच्या लक्षात राहतात, पण खेळायला जात नाही. आम्ही वर्गात बसायची जागा बदलली, तर दिवसभर जुन्याच जागी उभा राहिला."

डॉक्टर तस्नीम काझी लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर होत्या. त्यांनी नीलूला ठोकळे दिले, चित्रं दाखवली, मग त्याला बाहेर नर्सपाशी पाठवलं.

"विसरणं हाही मेंदूचा एक गुण आहे," त्या म्हणाल्या. "नव्या पेशी जुनं पुसतात म्हणूनच नवं शिकायला जागा होते. भीतीसुद्धा तशीच बोथट होत जाते. तुमच्या मुलाची होत नाही. आपल्याला वाईट गोष्ट आठवते तेव्हा ती थोडी दूर गेलेली असते. त्याच्यासाठी ती आत्ता घडते आहे. रोज."

"थेंब बंद केले तर?"

"सहा-आठ महिन्यांत जाईल."

"ते सगळं?"

"सगळं. प्रवास, आणि त्याचे वडीलही." डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही त्याला रोज विचारता का?"

शलाकाने होकारार्थी मान हलवली.

"दर वेळी सांगितलं की आठवण आणखी पक्की होते. थेंब बंद करणार असाल तर विचारणंही बंद करा. तो आपणहून बोलला तर ऐका. पण उकरू नका."

*

आबाजींना तिने दुपारी ओसरीवर सांगितलं. ते लसूण सोलत होते. सोलतच राहिले.

"म्हणजे माह्या पोराले तू पुसून टाकणार," ते म्हणाले.

"आबाजी, तो घाबरतो. पाण्याचा आवाज आला की..."

"दिसते ना मले. आंधळा नाही मी." त्यांनी सुरी खाली ठेवली. "सुमेधची माय गेली तेव्हा तो तीनचा होता. महिनाभर दारात बसून वाट पाहिली त्यानं. मग एक दिवस उठला अन् खेळायले गेला. मले वाटलं, बरं झालं, सुटला. पण तो सुटला नव्हता, सूनबाई. चाळीस वर्षांचा झाला तरी मले विचारे, आबा, आईचा आवाज कसा होता? काय सांगू मी? आवाज कसा सांगतात?" त्यांनी परातीतली सालं बाजूला सारली. "त्यानं ते थेंब काहून आणले, हे तुले माहीत आहे. अन् आता त्याच्याच पोराले तू..."

"माहीत आहे," शलाका म्हणाली.

"मग?"

"मग काय. माहीत आहे."

तिचा आवाज इतका सपाट होता की आबाजींनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पाहिलं. तिचे गाल बसले होते. ओढणी उलटी घेतली होती.

"तुले काय वाटते?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"मला काही वाटत नाही, आबाजी. फेब्रुवारीपासून काहीच वाटत नाही. नीलू त्यांच्या आवाजात बोलला की जरा वाटतं. तेवढ्यासाठीच मी त्याला रोज तिकडे पाठवते." ती थांबली. "चार वर्षांच्या पोराला."

 आबाजींनी लसणाची परात तिच्याकडे सरकवली आणि आत जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलू मांडी घालून बसला आणि त्याने तोंड उघडलं. शलाकाने त्यात खडीसाखरेचा खडा ठेवला. त्याने आश्चर्याने तो चघळला. दारात उभी असलेली यशू ते बघून वळली आणि बाथरूममध्ये गेली. आत नळ सुरू झाला, तो बराच वेळ चालू होता.

*

आठवणी एकदम गेल्या नाहीत. आधी गावांची सरमिसळ झाली. जिराफ हनोईत आला. मग माणसं गळाली. दिवाळीच्या सुमारास नीलूने विचारलं, "आपण विमानात बसलो होतो ना?" हिवाळ्यात तेही विचारणं थांबलं. बालवाडीत त्याला एक मित्र मिळाला, मग दुसरा. तो खोटं बोलायला शिकला, सायकल चालवायला शिकला. एकदा जेवताना घाईघाईने घास कोंबत होता. आबाजी म्हणाले, "हळू खा बे शेठ, ताट काही पळून नाही चाललं." नीलू हसला, आजोबांचा विनोद म्हणून. आबाजी ताट तसंच ठेवून उठले.

शलाकाने काही विचारलं नाही. दुपारी नीलूला जवळ घ्यायची वेळ झाली की ती चित्रं काढायला बसायची. चित्रं बरी यायची, पण त्यातली माणसं कुणाकडेच बघत नसायची. प्रकाशकाने तसं कळवल्यावर तिने सगळ्यांचे डोळे पुन्हा काढून दिले.

एप्रिलमध्ये आबाजींनी धीर करून कूलर लावला. पाणी ठिबकायला लागलं. नीलू धावत आला, टाकीत हात घालून त्याने यशूच्या अंगावर पाणी उडवलं आणि खिदळत पळाला. मित्राने हाक मारली तसा बाहेर गेला.

यशू ओल्या फ्रॉकने तिथेच उभी राहिली. ती आता अकरा वर्षांची होती.

"गेलं ना, आई? त्याचं सगळं?"

"हो. गेलं बहुतेक."

"नक्की?"

"परवा त्याने फोटो बघून मला विचारलं, पप्पा उंच होते का."

यशू मटकन खाली बसली. गुडघ्यांत डोकं घालून तिने मोठा श्वास सोडला. आणि मग ती रडायला लागली, अंग गदगदून. शलाकाला आधी कळेचना. ती शेजारी बसली.

"यशू, काय झालं? तुला पप्पा आठवले?"

"चप्पल होती," यशू हुंदक्यांमधून म्हणाली.

"कसली चप्पल?"

"नीलूची. लाट आली तेव्हा पप्पांनी त्याला वर ठेवलं आणि तेपण वर आले, आई. ते वर आले होते. जाकीट घातलं त्याला. मग नीलूची चप्पल दिसली पाण्यात आणि तो रडायला लागला, माझी चप्पल, माझी चप्पल. पप्पा म्हणाले, थांबा शेठ, आणतो. आणि उतरले."

कूलरचा पंखा घरघरत होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच. येताना विमानात. तू गोळी घेऊन झोपली होती. मी विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. त्याला कळत नव्हतं, आई, तो नुसतं सांगत होता. पण मोठा झाला असता तर कळलं असतं. माझ्या चप्पलसाठी, असं वाटलं असतं त्याला. मी त्याला म्हटलं, हे कुणाला सांगायचं नाही, आईलापण नाही. आणि त्याने नाही सांगितलं. त्याला सगळंच आठवायचं ना, मग हेपण आठवायचं."

शलाका तिच्याकडे बघत होती. वर्षभर ती एका मुलाच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही, हेच बघत राहिली होती. या मुलीला कुणी काही दिलं नव्हतं. हिच्या जिभेखाली एक थेंबही पडला नव्हता.

"म्हणून तू बाटली ओतलीस."

यशूने मान हलवली.

"आणि मी म्हटलं, हेवा वाटतो."

"वाटायचापण," यशू नाक पुसत म्हणाली. "थोडा."

मग तिने विचारलं, "आई, याच्या उलटं औषध असतं का? मोठ्या मुलांना विसरायचं?"

"नाही, बाळा."

"मला वाटलंच."

  शलाकाने यशूला ओढून घेतलं. ओला फ्रॉक तिच्या छातीला लागला, गार. तिला तो गारवा जाणवला. यशूच्या डोक्याचा वास जाणवला, बाहेर नीलू कुणाला तरी आउट आउट म्हणून ओरडत होता तेही जाणवलं, आणि सुमेध गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला सांग. पहिल्यापासून. ते घरातून निघाले तिथपासून."

यशूने मान वर केली. "सांगितलं की जास्त पक्कं होतं ना? डॉक्टर म्हणाल्या होत्या, तू आबाजींना सांगत होती."

"होऊ दे. आता माझ्यातही होऊ दे."

यशूने फ्रॉकच्या बाहीने डोळे पुसले. बाहेर नीलू नाही याची दाराकडे बघून खात्री केली. मग आईच्या हातात हात देऊन, हळू आवाजात, तिने सुरुवात केली. "आधी ते पावाच्या दुकानात गेले. पण दुकान बंद होतं."